तीन खाचांची कामटी

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर, पोथ्या नकलून देणारी एक लेखनशाळा होती. छापखाना तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता. गावोगावचे वैद्य, पुराणिक, कीर्तनकार तिथे येत, हवा तो ग्रंथ सांगत आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, नक्कल घेऊन जात. शाळेचे आचार्य ऐंशीच्या घरातले होते. त्यांचे डोळे थकले होते, हात मात्र अजून कापत नव्हता. त्यांच्या हाताखाली पंधरा-वीस शिष्य लिहीत असत. त्यांतला सर्वांत ज्येष्ठ शिष्य पस्तिशीचा होता आणि शाळेसाठी कागद विकत घेण्याचे काम त्याच्याकडे होते.

हा शिष्य चिंतातुर प्रकृतीचा होता. दाराला कडी लावून चार पावले गेला की परत येऊन ती ओढून पाही. शाळेतले इतर त्याची थट्टा करत. पण थट्टेत सामील होण्यापूर्वी आपण त्या चिंतेचे मूळ समजून घेतले पाहिजे. तो लहान असताना त्याच्या गावामागचा डोंगर कागदासाठी तोडला गेला होता. वेळूची बेटे तीन वर्षांत संपली. मग माती खाली आली, मग झरा आटला आणि शेवटी गावच उठून गेले. आईच्या कडेवरून मागे वळून पाहिलेला तो उघडा डोंगर त्याच्या मनातून कधी गेला नाही.

म्हणून कागदाची खरेदी हाती येताच त्याने पहिला नियम केला. कामटी असल्याशिवाय शाळेत कागद येणार नाही.

कामटी म्हणजे बांबूची चिरलेली पातळ पट्टी. घाटावरच्या एका वाडीतली माणसे पिढ्यान् पिढ्या कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या, जंगलावर जगत होती. कळक तीन वर्षांचा झाल्याशिवाय त्याला कोयता लावायचा नाही, असा त्यांचा परिपाठ होता. पहिल्या वर्षाचा कळक कोवळा असतो. दुसऱ्या वर्षाचा पुढच्या कोंबांना पोसतो. तिसरे वर्ष सरले की त्याची जबाबदारी संपते, मग तो माणसाचा. तोडायचा तोही पेराच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे खुंटाच्या पोकळीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजत नाहीत. अशा रीतीने तोडलेल्या मोळीला वाडीतली माणसे तीन खाचा पाडलेली कामटी बांधत. मोळी कागद करणाऱ्याकडे जाई, आणि त्या कळकाचा कागद झाला की तीच कामटी कागदाच्या गठ्ठ्याला बांधली जाई. व्यापारी तो गठ्ठा शाळेत आणी. कामटी पाहिली की शिष्याचा जीव भांड्यात पडे.

शिष्याचा दुसरा नियम शाळेच्या जुन्या रीतीतूनच आला होता. नवा कागद आला की सकाळच्या उन्हात, पूर्वेकडच्या अंगणात, प्रत्येक पान उजेडासमोर धरून पाहायचे. पूर्वी हे काम बेताने होत असे. फाटका, भोक पडलेला कागद तेवढा बाजूला जाई. शिष्याने त्यात आपला सगळा काटेकोरपणा ओतला. पानात एखादा तपकिरी ठिपका दिसला, एखादे कूस, म्हणजे न कुटलेला धागा, आडवे आले, रंग जरा ताकासारखा वाटला, की पान डावीकडे. डावीकडचा ढीग व्यापाऱ्याने परत न्यायचा. पहिल्या वर्षी शंभरातली सत्तर पाने डावीकडे गेली. दुसऱ्या वर्षी पन्नास. सहाव्या वर्षी पाचसुद्धा गेली नाहीत.

"पाहा, कसा साईसारखा कागद येऊ लागला," असे लोक म्हणत. पंचक्रोशीतले सगळे कागद घेणारे त्याच्याकडे पाहून कागद पारखायला शिकले. कामटी खरी आणि कागद निर्मळ, म्हणजे आपण कुठेच उणे पडलो नाही, असे शिष्याला वाटे. आपल्यालाही दुकानातून एखादी वस्तू आणताना अगदी असेच वाटते, म्हणून त्याला हसू नये.

त्या वर्षी चाळीस गावांनी एकाच मुहूर्तावर पारायणाला बसण्याचे ठरवले होते आणि चाळीस पोथ्या लिहून देण्याचा शब्द शिष्याने दिला होता. कार्तिक सरत आला होता. व्यापारी दोन दिवसांत कागद घेऊन येणार होता. शिष्य रोज घाटाच्या वाटेकडे पाहून येई.

त्या वाटेने व्यापाऱ्याच्या आधी एक म्हातारी आली. तिचे नाव कोंडाबाई. वाडीतली सर्वांत जाणती बाई. ती दोन दिवस चालली होती. पायांना भेगा पडल्या होत्या आणि हातात हिरव्या बांबूची एक बारीक काडी होती.

आचार्य ओसरीवर बसले होते. तिने त्यांच्यापुढे ती काडी ठेवली आणि खाली बसली.

"आचार्यबाबा, हे बगा. औंदा बेटानं हे दिलं."

आचार्यांनी काडी हातात घेऊन चाचपली. "कशाची काडी ही?"

"काडी न्हाई बाबा, कळक हाय. औंदाच्या पावसाळ्यातला. मनगटाएवढा यायचा, त्यो करंगळीएवढा आला. निम्म्या बेटांनी तर तेवढंबी दिलं न्हाई. अजून येक साल असंच गेलं तर जंगल मेलं म्हणून समजा. मग आमी पोरंबाळं घिऊन कुठं जावं?"

शिष्य दारात उभा होता. गाव कसे उठून जाते ते त्याला माहीत होते.

"पण असं का झालं?" त्याने विचारले.

"कवळं तोडलं म्हणून. पयल्या सालाचं, दुसऱ्या सालाचं, समदं तोडलं. पोसणाराच न्हाई ऱ्हायला, तर पोर जाडजूड हुईल कसं?" मग तिने अंगणावरून नजर फिरवली. "खाली समदी सांगतात, पांढरा कागद पायजे, पांढरा कागद पायजे. मी इचारत इचारत आले. त्यो पांढरा कागद मागतंय तरी कोण, तेवढं बगायचं हुतं."

शिष्याला आपल्यावरचा आरोप कळलाच नाही. माणूस स्वतःला राखणदार समजत असला की त्याला चोर नेहमी दुसरीकडेच दिसतो. "आमच्याकडे असं होणार नाही," तो घाईघाईने म्हणाला. आत जाऊन त्याने एक टोपली आणली. तीत सहा वर्षांच्या कामट्या होत्या, त्याने त्या जपून ठेवल्या होत्या. "हे पाहा. एकेका गठ्ठ्यावरची आहे. खाचा मोजा हव्या तर."

कोंडाबाईने दोन-चार कामट्या उचलल्या, खाचांवरून अंगठा फिरवला आणि तिची मान खाली गेली.

"खोट्या आहेत?" शिष्याने विचारले.

"खाचा आमच्याच कोयत्याच्या हाईत," ती हळूच म्हणाली. "आमच्याच पोरांनी पाडल्या. कळक कवळा आन् कामटी तीन खाचांची. मी भांडले त्यांच्याशी. पर माझं ऐकतंय कोण?"

त्यानंतर शिष्याला अन्न गोड लागले नाही. सहा वर्षे आपण सुखाने निजलो आणि तिकडे डोंगर बोडका होत होता, हा एकच विचार त्याला कुरतडत राहिला. कोंडाबाई शाळेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. बैलांच्या पाठीवर गठ्ठे होते, गठ्ठ्यांना कामट्या होत्या. शिष्य त्याच्यावर धावूनच गेला.

"चोर! आमच्या डोळ्यांत धूळ फेकलीस! एकही गठ्ठा उतरवायचा नाही. सगळा माल परत ने आणि पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस!"

व्यापारी भांबावला. मग त्याला ओसरीवर कोंडाबाई दिसली आणि काय झाले असेल ते त्याने ओळखले. तो काही साधुपुरुष नव्हता, पण त्या दिवशी तो खरे बोलला.

"शास्त्रीबुवा, मारायचं तर मारा, पण ऐकून घ्या. पहिल्या वर्षी मी आणला होता तो तीन सालांच्या कळकाचाच कागद होता. शंभरातली सत्तर पानं तुम्ही माझ्या अंगावर टाकलीत. जून कळक तो. चुन्यात कितीही भिजवा, कितीही कुटा, ठिपका राहणारच, कूस राहणारच. कागद करणारा कागदी म्हणाला, असला पांढरा पाहिजे तर कोवळा कळक आण. मी वाडीत निरोप दिला. तुम्हाला तीस पानं पसंत पडावीत म्हणून शंभर पानांचा कळक तोडावा लागत होता, मग वाडीतल्या पोरांनीसुद्धा विचार केला, कोवळाच तोडू, निदान मेहनत वाया जाणार नाही. आणि तुम्हाला कामटीही हवी होती. ती त्यांनी बांधली." त्याने बैलांवरच्या गठ्ठ्यांकडे बोट केले. "तुम्ही नाही घेतलात तरी हा माल शहरात उद्या खपेल. तिथे तर कामटी कोणी विचारतही नाही."

शिष्य आचार्यांकडे वळला. "आचार्य, आपण सांगा याला. हा कागद शाळेत आला तर तो डोंगराचा शाप घेऊन येईल. पोथ्या राहिल्या तरी चालतील."

काठी टेकत आचार्य अंगणात आले आणि त्यांनी एक गठ्ठा सोडायला लावला. दौत आणि बोरू मागवला. मग मांडी घालून बसले, साईसारखे पांढरे एक पान समोर घेतले आणि त्याच्या बरोबर मध्यावर बोरूचे टोक टेकवले. काळा ठिपका उमटला. पान बाजूला ठेवून त्यांनी दुसरे घेतले. त्यावर ठिपका. तिसरे घेतले. त्यावर ठिपका.

लिहिणारे शिष्य आपापली बैठक सोडून दाराशी गोळा झाले. पानावर शाई सांडली म्हणून ज्या आचार्यांनी एकेकाला दिवसभर उपाशी ठेवले होते, ते स्वतः एकामागून एक पान डागाळत होते. व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. कोंडाबाई शेजारच्या पोराच्या कानात म्हणाली, "वयाचा परिणाम असंल."

एक दस्ता झाला, दुसरा झाला. ऊन अंगणाच्या मध्यावर आले. शिष्याला धीर धरवेना.

"आचार्य, हे काय करता आहात? कागद पापाचा असेल, पण तो असा नासवून काय मिळणार?"

"नासला का?" आचार्यांनी एक पान त्याच्या हातात दिले. "तुझ्या रीतीप्रमाणे उजेडात धर. कुठे टाकशील?"

"डावीकडे."

"यावर लिहिता येईल?"

शिष्य घुटमळला. "ठिपका सोडून… येईल."

"वाचता येईल?"

"येईल."

"मग डावीकडे का?"

आचार्यांनी बोरू खाली ठेवला.

"अरे, तू त्या जंगलाकडे दोन गोष्टी मागितल्यास. नियमाने तोडलेला कळक, आणि एकही ठिपका नसलेला कागद. जंगल या दोन्ही एकत्र देऊ शकत नाही. मग ज्याला तुला खूश ठेवायचं आहे, त्याला कुठेतरी खोटं बोलावंच लागणार. कुठे बोलेल? तू पानन् पान उन्हात धरून पाहतोस, तिथे खोटं चालणार नाही. जंगल तू पाहत नाहीस. म्हणून खोटं तिथे जाऊन बसलं. याने लबाडी केली, वाडीतल्या पोरांनी केली, ते त्यांचं त्यांना भोगावं लागेल. पण कोवळा कळक तोडण्याचा हुकूम या अंगणातून गेला. तू तोंडाने दिला नाहीस, डावीकडच्या ढिगाने दिलास."

शिष्य आचार्यांसमोर खाली बसला. त्याने विचारले, "मग कामटी मागितली हेच चुकलं का माझं?"

"मुळीच नाही. या पंचक्रोशीत ती मागणारा तू एकटा होतास, आणि उद्याही मागायची आहे. पण सहा वर्षांत तू त्या वाडीत किती वेळा गेलास?"

"एकदाही नाही."

"दोन दिवसांची तर वाट. ही बाई या वयात चालून आली. तू का नाही गेलास?"

जे शिष्याने कधी कुणाला सांगितले नव्हते ते त्याच्या तोंडून बाहेर पडले. "भीती वाटत होती, आचार्य. जाऊन पाहिलं आणि तिथेही डोंगर उघडाच निघाला तर? कामटी हातात असली की पाहायला जावं लागत नव्हतं."

"तुझी चिंता खोटी नाही," आचार्य म्हणाले. "तिला टाकून देऊ नकोस. पण तिला या अंगणात ठिपके शोधायला बसवू नकोस. जिथे तिचं काम आहे तिथे घेऊन जा."

मग त्यांनी व्यापाऱ्याला जवळ बोलावून आपला निर्णय सांगितला. तोडलेले कळक आता काही बेटात परत जाऊन उभे राहणार नाहीत. हा कागद परत पाठवला तर शहरात जाईल आणि तिथे आणखी पांढऱ्याची चटक लागेल, म्हणून तो इथेच राहील आणि पानाच्या दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात लिहिला जाईल. उरलेल्या पोथ्यांसाठी नवा कागद येणार नाही. शिष्याने सहा वर्षांत परत पाठवलेली जी पाने व्यापाऱ्याच्या वखारीत पडून आहेत, ती यायची. आणि यापुढे शाळा फक्त जून कळकाचा कागद घेईल, ठिपक्यासकट घेईल, जेवढा मिळेल तेवढाच घेईल.

"वाडीतल्या पोरांच्या पोटाचं काय?" व्यापाऱ्याने विचारले. प्रश्न योग्य होता.

"शंभर पानांतली शंभर घेतली, तर पहिल्या वर्षाएवढ्याच कमाईसाठी त्यांना त्या वर्षीच्या तिसरा हिस्सा कळक तोडून भागेल," आचार्य म्हणाले. "पटतं का, बाई?"

कोंडाबाईने मनाशी हिशेब केला. "भागंल," ती म्हणाली. "पर बेटं उठतील का, त्ये मी सांगू शकत न्हाई."

"ते कोणीच सांगू शकत नाही," आचार्य म्हणाले.

पोथ्या पूर्ण झाल्या. शिष्य स्वतः चाळीस गावांना त्या पोहोचवायला गेला आणि प्रत्येक गावी त्याला तेच ऐकावे लागले. देवाच्या पोथीला असला कागद? हे डाग कसले? काही गावांत त्याचे म्हणणे लोकांनी ऐकून घेतले. पाच गावांनी पोथी परत केली. एका पुराणिकाने तर भर देवळात त्याला सुनावले की शाळेला उतरती कळा लागली. पूर्वीचा शिष्य असता तर लाजेने मेला असता. आता त्याला लाज वाटली, पण त्याहून मोठी धाकधूक त्याच्या मनात होती. डोंगरावरच्या बेटांत अजून जीव असेल का?

पुढच्या भाद्रपदात तो वाडीवर गेला. शेवटच्या वळणाआधी तो चक्क थांबला आणि परत फिरावे की काय, असे त्याच्या मनात आले. मग तो पुढे गेला.

डोंगर पूर्ण उघडा नव्हता. पण पाहून आनंद व्हावा असेही काही नव्हते. कितीतरी बेटांचे नुसते खुंट उरले होते. त्यांतले काही पेराच्या बऱ्याच वर, घाईघाईने छाटलेले होते आणि त्यांच्या पोकळीत पाणी साचून आत काळे पडले होते. कोंडाबाई त्याला एकेका बेटापाशी नेई, वाकून पाही आणि म्हणे, "हे गेलं." पुढे जाई. "हेबी गेलं." तिच्या आवाजात राग नव्हता. शिष्याला वाटले, तिने रागवावे.

ओढ्याच्या कडेला ती थांबली. तिथल्या चार बेटांतून कोंब वर आले होते. तिने एकाभोवती बोटे लपेटली. अंगठा आणि बोटे एकमेकांना लागली नाहीत. मग तिने शिष्याचा हात धरून त्या कोंबावर ठेवला. कोंब गार आणि ओलसर होता. शिष्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

"ह्याला तीन सालं कोयता लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"आणि लावला तर? तुमच्या पोरांनी पुन्हा लावला, किंवा दुसऱ्या कुणी लावला, तर मला खाली बसून कसं कळणार?"

कोंडाबाईने त्याच्याकडे पाहिले. एवढा शिकलेला माणूस आणि एवढे साधे विचारतो, याचे तिला नवल वाटले असावे.

"खाली बसून न्हाईच कळायचं," ती म्हणाली. "तुमी येत ऱ्हावा."

शिष्याने मान हलवली. त्या दिवशी त्याची काळजी संपली नाही, आणि ती संपावी असेही त्याला आता वाटेना. पुढची कितीतरी वर्षे, कागद येण्याआधी, तो दोन दिवस चालून वाडीवर जात राहिला.

खूण पाहून वस्तू घ्यावी, हे चांगलेच आहे. पण ती खूण जिथून निघाली त्या वाटेने वर्षातून एकदा तरी आपण चालून यावे.